सिस्टर, एक विचारू का? : किल्ल्यांचा जुडगा

वॉर्डात चौतीस वर्षं मला सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे या सदराचं नाव. विचारणं बहुधा औषधाबद्दल नसायचंच. ‘सिस्टर, एक विचारू का? माझा मुलगा येऊन गेला का हो?’ निवृत्त झाले, नाशिकला शरणपूर रोडच्या एका गल्लीत राहते, आणि आता तोच प्रश्न टपालानं येतो. या महिन्यात चार पत्रं घेतलीत. पहिल्यानंच निम्मी जागा खाल्ली, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : सिस्टर, जय ख्रिस्त. मी 29 वर्षांची आहे आणि यंदा आमच्या चर्चच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आले. आमचे सेक्रेटरी काका 22 वर्षं त्या जागेवर आहेत. रविवारी पहाटे येऊन स्वतः झाडू मारतात, खुर्च्या मांडतात. कुणी वारलं तर पेटीपासून कबरीपर्यंत सगळं तेच बघतात. एक रुपया खाल्ल्याचा संशयही मला नाही. पण चर्चची, ऑफिसची, कपाटाची, दानपेटीची अशा सगळ्या किल्ल्या त्यांच्याच खिशात. मीटिंगला जावं तर ठराव आधीच लिहून तयार. मी हिशेबाची वही बघायला मागितली तर त्यांचे डोळे भरून आले. ‘मी तर फक्त सेवक आहे गं बाळ,’ म्हणाले. आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मीच दानपेटी फोडली. माझं चुकलं का? (नाशिक, नाव छापू नये)

उत्तर : अगं, वही मागण्यात तुझं काही चुकलं नाही. पण काकांना ढोंगी ठरवून मोकळी होऊ नकोस, कारण ते ढोंगी नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखते. मी स्वतः तशीच होते.

ऐंशीच्या दशकात मी एका मोठ्या रुग्णालयात बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज होते. माझ्या वॉर्डातली चादर कधी हरवत नाही, हा माझा तोरा. त्यासाठी लिननच्या कपाटाची किल्ली माझ्याचजवळ. स्टुडंट नर्सना अवघड ड्रेसिंगला हात लावू द्यायची नाही, का तर त्यांच्या हातून पट्टी सैल बसते. वेळ पडली तर बेडपॅनसुद्धा मीच उचलायची, आणि ते चार जणांनी पाहिलं की मला बरं वाटायचं, हे आज कबूल करते. सगळे म्हणायचे, सिस्टर किती राबतात हो.

एका डिसेंबरात संध्याकाळी मी घाईघाईनं कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या प्रॅक्टिसला गेले, किल्ली पर्समध्ये. नाशिकचा डिसेंबर तुला सांगायला नको; निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या रात्री तीन नव्या पेशंट आल्या. नऊ ब्लँकेटं कपाटात आणि कपाटाला कुलूप. तेव्हा मोबाइल कुठले? सकाळी ड्यूटीवर आले तर सात नंबरच्या आजींच्या अंगावर रात्रपाळीच्या मावशींची शाल, आणि मावशी स्वतः पदर डोक्यावरून घट्ट ओढून स्टुलावर आखडून बसलेल्या. (माहीत नसेल त्यांच्यासाठी : दवाखान्यात मावशी म्हणजे आयाबाई.) त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी कपाट उघडलं, ब्लँकेट काढून आजींजवळ गेले. आजी म्हणाल्या, ‘आता राहू दे बाई, ऊन आलं.’

मी राबत होते हे खोटं नव्हतं. पण माझ्यावाचून वॉर्ड एक रात्र चालू नये, अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती, आणि तिलाच सेवा म्हणत होते.

आमच्या नर्सिंगमध्ये एक पद्धत मात्र फार शहाणपणाची आहे. आम्ही तिला ‘ओव्हर’ म्हणतो. ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला बेडगणिक ओव्हर द्यायची, म्हणजे प्रत्येक पेशंटचं काय चाललंय ते सांगून काम तिच्या हवाली करायचं. मॉर्फिन-पेथिडिन अशा नशा आणणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनांचं कपाट असतं, त्याची किल्ली नुसती हातात ठेवून चालत नाही. दोघींनी मिळून अँप्युल, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या मोजायच्या, वहीत आकडा घालायचा, दोघींनी सह्या करायच्या. चौतीस वर्षांत मला कुणी म्हटलं नाही की, ‘सिस्टर, तुम्ही माझ्यासमोर मोजलंत म्हणजे माझ्यावर संशय घेतलात.’ मोजणं हा त्या किल्लीचाच भाग आहे. आणि ओव्हर दिल्याशिवाय कितीही दमलेली नर्स घरी जाऊ शकत नाही. तुमच्या काकांची ड्यूटी 22 वर्षं चालू आहे गं. त्यांच्याकडून ओव्हर घ्यायला कुणी आलंच नाही, आणि त्यांनीही कुणाला बोलावलं नाही.

आता शास्त्रातलं. सेवकपणाचा विषय निघाला की आपण लगेच योहान 13 उघडतो, येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय, गंगाळ आणि रुमाल. पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून साबणानं पाय घासून, नवे मोजे घालून आलेले असतात. मला दरवर्षी हसू येतं. पण तुझ्या प्रश्नाला मला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 जास्त जवळचा वाटतो. यरुशलेमेच्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोज अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की, आमच्या विधवांना डावलतात. प्रेषित, म्हणजे येशूचे बारा शिष्य, इब्री बोलणाऱ्यांतले. ते म्हणू शकले असते, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ किंवा स्वतः पळी हातात घेऊन पंगतीत उतरले असते, आणि सगळ्यांनी धन्य धन्य म्हटलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मंडळीला सांगितलं, तुमच्यातले चांगल्या नावाचे सात जण तुम्हीच निवडा, हे काम त्यांच्याकडे सोपवतो. मग सात नावं येतात : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! त्यावरून बहुतेक भाष्यकार म्हणतात की, हे तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूचे असावेत. म्हणजे डावललेल्यांच्या हातात नुसती अर्धी पळी दिली नाही, सगळं कोठारच दिलं. इतकी वर्षं चर्चमध्ये बसते, पण या सात नावांवर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. नावांची यादी आली की वाचणारा घाईघाईनं पुढं सरकतो.

आणि पौल, मंडळ्या उभ्या करत फिरणारा धर्मप्रचारक. यरुशलेमेच्या गरिबांसाठी त्यानं मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी जमवली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अध्याय 8 मध्ये तो सांगतो की, या पैशांबरोबर प्रवास करायला मंडळ्यांनी निवडलेला दुसरा बंधू सोबत आहे, म्हणजे आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये. प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे. पौलाला सोबत साक्षीदार लागला. मग आपल्या काकांना वही दाखवायला रडू का यावं?

तू काय करायचंस ते सांगते. वर्षाच्या सभेत उभं राहून भाषण करू नकोस. काकांच्या घरी जा, एकटी जाऊ नकोस, त्यांना मान देणारा एखादा वडीलधारा बरोबर घे. वही ‘तपासायला’ मागू नकोस. ‘काका, मला शिकवा, तुमच्यानंतर कुणाला तरी यायला हवं ना,’ असं म्हण आणि ते मनापासून म्हण, कारण 22 वर्षांत त्या माणसाला जे कळलंय ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. कबरस्तानातली कुठली जागा कुणाच्या घराण्याची, पावसाळ्यात छत कुठं गळतं, कुठल्या विधवेला नाताळात गुपचूप किराणा जातो. हे सगळं लिहून घे. एवढं झालं की मग कमिटीत दोनच गोष्टी मांड. दानपेटी दर रविवारी दोन वेगवेगळ्या कुटुंबांतल्या माणसांनी उघडायची, मोजायची, सह्या करायच्या. आणि किल्ल्यांचा दुसरा जुडगा पाळकसाहेबांकडेही नको, खजिनदाराकडे ठेवायचा. तुमचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं हिशेबाची तपासणी दरवर्षी करावीच लागते, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तेव्हा वही मागणं हा काही तुझा आगाऊपणा नाही, सरकारनंच तो नियम घालून दिलाय.

एक शेवटचं. येत्या प्रीतिभोजनाला काकांना पहिल्या पंगतीत बसव आणि तू वाढ. ते बसणार नाहीत, बादली घेऊन पळतील. पेत्रही असाच म्हणाला होता, ‘माझे पाय? कधीच नाही!’ तरी बसव. वाढून घ्यायची सवय गेलेल्या माणसाला किल्ली सोडणं फार जड जातं. मला तर त्या मावशींची शाल धुऊन परत करायलासुद्धा चार दिवस लागले.

प्रश्न : सिस्टर, मी सातपूरच्या एका कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. हाताखाली 40 माणसं, निम्मी कॉन्ट्रॅक्टवर. चर्चमध्ये ऐकलं की पुढाऱ्यानं सेवक व्हावं. मी ओरडणं सोडलं, चहा त्यांच्यातच बसून प्यायला लागलो. आता लोक डोक्यावर बसले. दोघं तर सांगून उशिरा येतात. माझ्या जागी येशू असता तर त्यानं मेमो दिला असता का?

उत्तर : मेमो दिला असता का ते मी कसं सांगू, भाऊ? पण पाय धुऊन झाल्यावर तो काय म्हणाला ते लिहिलेलं आहे : तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता, कारण मी तो आहे. गुडघ्यावर बसून उठला तरी त्यानं गुरुपण खाली ठेवलं नाही. पाय दगा देणाऱ्या यहूदाचेही धुतले, आणि त्याला ‘जे करायचंय ते लवकर कर’ असंही तोंडावर सांगितलं. सौम्य असणं आणि मिळमिळीत असणं यात तुमची गल्लत झाली आहे.

चहा त्यांच्यात बसून पिताय, छान. पण चहा स्वस्त असतो. माझे यजमान ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. ते म्हणायचे, सुपरवायझर कसा आहे ते त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, ओव्हरटाइमच्या यादीवरून कळतं. ती यादी तुमच्या खिशात आहे की बोर्डवर लागते? आपल्या गावचा, आपल्या चर्चचा पोरगा त्या यादीत जरा जास्त वेळा येतो का? कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला हातमोजे फाटल्यावर लगेच मिळतात की महिना भरायची वाट बघावी लागते? कुणाचं बोट सापडलं तर तुम्ही ते आधी रजिस्टरवर घेता की आधी ठेकेदाराला फोन लावता? सेवकपण इथं दिसेल. तिथं तुम्ही चोख असाल तर लोक तुमचं ओरडणंसुद्धा सोसतील.

त्या दोघांना एकेकट्याला बाजूला घ्या. कारण विचारा. एखाद्याचं पोर शाळेत सोडायचं असेल तर शिफ्ट बदलून मिळते का बघा. कारण नसेल तर मेमो द्या, सगळ्यांना देता तसाच. त्यांच्या वाटचं काम बाकीचे अडतीस जण ओढतायत, त्यांचीही सेवा तुमच्याच गळ्यात आहे.

प्रश्न : माझे यजमान पाळक आहेत. मी शाळेत शिकवते. तरी घरी कुणीही, कधीही येतं, चहा-जेवण माझ्याकडे धरलेलंच. महिला मंडळाची अध्यक्षाही मला न विचारता केलं. ‘नको’ म्हटलं तर ते पाप होईल का?

उत्तर : नाही.

एवढ्यावर थांबणार होते, पण आपल्या नाशिकची एक बाई आठवली. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, गंगेकाठच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) जलालपूरच्या, जन्म 1868 चा. त्यांच्या यजमानांची, नारायण वामन टिळकांची भजनं आपण आजही म्हणतो, आणि टिळक फार मोठे हे खरंच. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकायचे, वाटेत भेटेल त्याला घरी घेऊन यायचे. पण आलेल्याला वाढायचं काय, हा प्रश्न चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचा होता. तिनं तो हसतखेळत लिहूनही ठेवला, म्हणून तरी आपल्याला कळला. नवऱ्यानं देवाला वाहिलेलं सगळंच त्याचं एकट्याचं नसतं.

पाळकसाहेबांना हे माझं उत्तर वाचायला द्या. आणि पुढचा पाहुणा आला की चहा त्यांना करू द्या. सेवेचा वर्ग घरातच भरेल, साखर कुठं ठेवली तेवढं सांगा.

प्रश्न : सिस्टर, मी संडे स्कूलला शिकवते. सेवकपणावर मुलांना गोष्ट सांगायची आहे. मदर तेरेसा दर वर्षी होतात. नाशिकच्या मातीतलं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ज्या रस्त्यानं तुम्ही रोज रिक्षानं जाता तिथंच आहे. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ते वसवलं. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जायची, सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईत उतरायची, आणि त्यातली कित्येक इथं आली. शाळा शिकली, सुतारकी, लोहारकी शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट.

1872 मध्ये शरणपुरात शिकलेले सहा जण आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेले. 1 मे 1873 ला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. साहेब गेला, पगार देणारा गेला, आसपास एकही गोरा माणूस नाही. नोकरांनी तिथंच पुरून आपापल्या घरची वाट धरली असती तर कुणी बोल लावला नसता. सुसी आणि चुमा हे दोघं जुने सोबती पुढं झाले, सगळे बसले आणि ठरलं की शरीर त्याच्या माणसांपर्यंत पोचवायचं. काळीज काढून झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना कुणी म्हणायची? पुस्तक वाचता येणाऱ्या जेकबनं म्हटली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख त्यानंच कोरली. मग मिठानं, उन्हात शरीर सुकवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून ते सगळे निघाले. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट, नऊ महिने. काही जण वाटेत मेले. मध्ये कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथंच पुरा, कशाला जीव धोक्यात घालता? त्यांनी ऐकलं नाही. मुलांना हे नक्की सांगा. नोकर माणसं, समोर साहेब, आणि उत्तर ‘नाही’.

1874 च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यावर, बागामोयोला पोचले. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीबरोबर चालणाऱ्या मोठमोठ्या लोकांत जेकब होता. सुसी आणि चुमा यांना मात्र वेळेवर कुणी बोलावलंच नाही. ते नंतर पोचले. हेही मुलांपासून लपवू नका. मोठी मुलं विचारतील, का नाही बोलावलं म्हणून. विचारू द्या.

इंग्रजी पुस्तकांतून या सहा जणांना ‘नाशिक बॉइज’ म्हटलेलं आहे. बॉइज कसले, बाप्ये होते! तेव्हा जेकब वेनराइट हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि मुलांकडून वहीत उतरवून घ्या. दोन रविवार काढा या गोष्टीला, एकात मावणार नाही. पहिला रविवार झाडापाशी थांबवा.